कोपरा कापलेलं कार्ड

आत्याला जाऊन दोन महिने होतील. ती होती तोवर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, आईलाही नाही. आई तर तिच्या आधीच गेली. आता लिहून ठेवायला हरकत नसावी. रोज संध्याकाळी टेबलाशी बसतो, चार-सहा ओळी होतात आणि हात थांबतो. घाई तशी कशाचीच नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती चिंचवडला आमच्या घरी परत आली ती कायमची. वडिलांना तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं, त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा. आई तिला वन्सं म्हणायची आणि थोडी भ्यायचीही. आत्याला अक्षरओळख नव्हती. मी वाचत बसलो की ती लांबूनच म्हणायची, "एवढ्या मुंग्या कशा रं दिसत्यात तुला?" आणि कंदिलाची काच पुसून माझ्याकडे सरकवायची.

मी मॅट्रिक झालो ते वर्ष मी सांगत आहे. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते. पुण्याला जाता-येता आगगाडीतून त्यांना त्या नव्या इमारती दिसत आणि घरी आल्यावर ते त्याबद्दलच बोलत. तिथे शिकलेली माणसं लागणार, बी. एस्सी. झालेली माणसं लागणार, आपल्या गावच्या हद्दीत कारखाना येतोय आणि आपल्यातलं एकही पोर तिथे आत जाण्याच्या लायकीचं नाही. मला खरं तर भाषेची आवड होती. पण वडिलांनी एकदा मनावर घेतलं की बाकीचे बोलत नसत.

निकाल लागला, मार्क चांगले पडले. दुसऱ्याच दिवशी वडील रजा काढून पुण्याला गेले आणि कॉलेजचा अर्ज घेऊन आले. पुण्यात विद्यापीठ नवं होतं, सायन्सला जागा थोड्या, अर्ज वेळेत गेला पाहिजे असं त्यांना तिथे कुणीतरी बजावलं होतं. अर्ज मी भरला. पालकाच्या सहीची जागा आली तेव्हा त्यांनी हात धुतले, पुसले आणि शाईचा टाक घेतला.

"डेपोत दिवसभर सह्या करतो," ते म्हणाले, "कुठे बूट आले, कुठे ताडपत्री गेली. ही पहिली सही, जी माझ्या घरच्या कामाची आहे."

"मग नीट करा," आई म्हणाली. "त्या बुटांसारखी नको."

त्यानंतर चार दिवसांनी वडील गेले. संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत देहूरोड स्टेशनच्या बाकावर बसले होते. गाडी आली, सोबतचे लोक उठले, ते उठले नाहीत. त्यांच्याच कचेरीतल्या चौघांनी त्यांना घरी आणलं. याहून जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहिता येत नाही. अनेकदा बसून पाहिलं.

नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही मोठे काका म्हणायचो, ते तळेगावहून आले होते. पोस्टातून ते कार्डांची चवड घेऊन आले. ओसरीवर बसून त्यांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला आणि एकेका कार्डाचा कोपरा कातरायला सुरुवात केली. सुपारी कातरल्यासारखा आवाज येत होता. आमच्याकडे मरणाचं पत्र असंच जातं. कोपरा कापलेला, वर श्री नाही, कुंकवाचं बोट नाही. घेणाऱ्याला हातात घेतल्याबरोबर कळावं. असं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची.

"अक्षर तुझं बरं आहे," काका म्हणाले. "तूच लिही."

मी लिहिली. तीच तीन वाक्यं, पुन्हा पुन्हा. पहिल्या पाच-सहा कार्डांना डोळ्यांतून पाणी येत होतं, पुढे ते थांबलं आणि मी अक्षराकडे लक्ष देऊ लागलो, ओळ सरळ येते की नाही ते पाहू लागलो. याची मला आजही लाज वाटते. शेवटी काही कार्डं उरली. काका म्हणाले, "जाळून टाक ती. घरात ठेवू नयेत." मी हो म्हणालो आणि भूमितीच्या वहीत ठेवून दिली. कोरा कागद जाळणं माझ्याच्यानं कधी झालेलं नाही.

अर्जाची शेवटची तारीख सुतकात येत होती. अर्ज भरलेला, सही झालेली, दाखला आणि मार्कांची नक्कल जोडलेली. काकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाची सही चालते का? माझी घे."

"सही केली तेव्हा ते होते," मी म्हणालो.

काकांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं असेल म्हणून मी पुढे काहीतरी पुटपुटलो. पण ती सही मी खोडली नाही.

घरात तेव्हाच एक गोष्ट ठरली होती. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, जबलपूरला कारखान्यात फिटर होता. त्याला रजा मिळाली नाही म्हणून तो येऊ शकला नाही, पण त्याचं पत्र आलं : मुलाचं शिक्षण थांबवू नका, मी आहे. दुसरीकडे डेपोतून निरोप होता की मुलगा मॅट्रिक झालाय तर वडिलांच्या जागी घेऊ, पण महिनाअखेरीच्या आत कळवा. तेव्हा आई, आत्या आणि काका यांनी मिळून असं ठरवलं की कॉलेजनं घेतलं तर कॉलेज, नाही घेतलं तर डेपो. सगळं कॉलेजच्या उत्तरावर होतं.

ते उत्तर कसं येणार, तर अर्जात छापलेलं होतं : अर्जदारानं स्वतःचा पत्ता लिहिलेलं एक कार्ड सोबत जोडावं. अकराव्या दिवशी पोस्टमन सांत्वनाची पत्रं घेऊन आला तेव्हा मी त्याच्याकडे एक कार्ड मागितलं.

"संपली, राव," तो म्हणाला. "तुमच्याच घरी गेली की सगळी. उद्या न्या."

उद्या उशीर झाला असता. मी आत गेलो, भूमितीच्या वहीतलं एक कार्ड काढलं, त्यावर इंग्रजीत माझं नाव आणि पत्ता लिहिला आणि लिफाफ्यात घातलं. कोपरा कापलेला आहे हे मला दिसत होतं. पुण्याच्या कॉलेजातली शिकलेली माणसं, त्यांना त्याचं काय, एवढाच विचार मी केला. हे कार्ड फिरून आपल्याच दारात येणार आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सगळं आयुष्य पुस्तकं वाचण्यात घालवलेल्या माणसाच्या हातून असं कसं झालं? अकरा दिवस माझं डोकं जागेवर नव्हतं, एवढंच म्हणता येईल. लिफाफा पोस्टमनच्या पिशवीत टाकला आणि दार लावून घेतलं.

तेरावं झाल्यावर आजोळहून बैलगाडी आली. दुखवट्याला माहेरच्यांनी नेऊन चार दिवस ठेवून घ्यायची रीत. आई, धाकटी भावंडं आणि मी, असे सगळे कुरुळीला गेलो. आत्या घरी राहिली. गाय होती आणि वडिलांना आणून ठेवलं होतं त्या जागी दिवा लावायचा होता. गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती.

कुरुळीहून परत आलो तेव्हा आत्या वेगळी होती. आईला तिनं देव्हाऱ्यापाशी जाऊ दिलं नाही. "राहू दे, देवाचं मी करते," म्हणाली. तीन दिवस असंच. आई मुकाट्यानं बाजूला बसून राही. चौथ्या दिवशी मला स्वयंपाकघरात एकट्याला गाठून आई म्हणाली, "मी अशी झाले म्हणून वन्सं मला देवाला हात लावू देत नाहीत का रे? पण त्यासुद्धा तशाच आहेत की." आत्या गोड खात नव्हती, उपास आहे म्हणायची. आईकडे टक लावून बघायची आणि आईनं वर पाहिलं की नजर काढून घ्यायची.

आणि मी रोज कार्डाची वाट पाहत होतो. पोस्टमनची सायकल पुलाच्या अंगानं येताना दिसली की उठून उभा राहत होतो. तो मान हलवायचा आणि पुढे जायचा. एक दिवस मी असा दारातून परत फिरलो तर आत्या म्हणाली, "डेपोतल्या सायबाला भेटून ये बाबा. नोकरीला लाग."

"कॉलेजचं कळू दे ना आधी."

"कॉलेज, कॉलेज! कोन घालनार हाय तुला कॉलेजात?"

"मामा म्हणालाय ना."

"जबलपूरच्या भरवशावर राहू नगंस," ती म्हणाली. "मानसाचं काय खरं आसतं? आज हाय, उद्या न्हाई."

"मामा तुझ्यासारखा शब्द फिरवणारा नाही," मी म्हणालो.

तिला मी कधी असं बोललो नव्हतो. ती उठून गाईला पाणी पाजायला गेली. मला वाटलं, भाऊ गेल्याबरोबर भावाची इच्छाही हिनं सोडून दिली. राग इतका आला होता की जेवलो नाही. तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही जेवली नाही. हे मला आईनं नंतर सांगितलं.

महिना संपत आला. डेपोचा माणूस एकदा विचारून गेला. तेव्हा मी पुण्याला जायचं ठरवलं.

कॉलेजच्या कचेरीबाहेर फळ्यावर यादी लावली होती. मी खालून वर वाचत गेलो. माझं नाव वरून सातवं होतं आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. बराच वेळ मी त्या रेघेकडे पाहत उभा राहिलो. मग आत गेलो. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेला एक कारकून होता. त्याला नाव सांगितलं.

"अच्छा, तुम्ही होय ते!" त्यानं चष्मा खाली घेतला. मागे वळून शिपायाला म्हणाला, "अहो, हे बघा कोण आलंय. तुमचे कार्डवाले."

शिपाई म्हातारा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"काय हो," कारकून म्हणाला, "कॉलेजात प्रवेश हवा म्हणून अर्ज करायचा आणि सोबत मयताचं कार्ड जोडायचं, ही कुठली तऱ्हा? आमचे हे शिपाईबुवा त्याला हात लावेनात. म्हणे, माझ्या हातानं कुणाच्या घरी मरण धाडू? दोन दिवस टेबलावर पडून होतं. शेवटी मी नेऊन पेटीत टाकलं."

"दुसरं कार्ड..." मी म्हणालो.

"दुसरं कुठून आणणार? नियम आहे, ज्याचं त्यानं जोडायचं." त्यानं एक जाड वही उघडली, बोट फिरवलं. "ही बघा नोंद. कार्ड गेलेलं आहे. मुलाखतीला बोलावलं होतं, गेल्या सोमवारी. तुम्ही आला नाहीत. वाट बघणारे वीस जण होते, त्यातला एक घेतला. त्यानं फीसुद्धा भरली."

"मला कार्ड मिळालं नाही."

"मग पोस्टाला विचारा. घरी कुणी वाचलं नाही का? वडिलांना तरी विचारायचं, असं कार्ड जोडू का म्हणून."

"ते गेले. म्हणूनच ती कार्डं घरात होती."

कारकुनानं चष्मा काढला. माझा अर्ज त्यानं गठ्ठ्यातून शोधून काढला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"मग ही?"

"त्यांचीच आहे. आधी केलेली."

त्यानं अर्ज गठ्ठ्यात हळूच परत ठेवला. मग शिपायाला म्हणाला, "जरा पाणी द्या यांना." शिपायानं पाणी आणलं आणि पेला माझ्या हातात देताना दुसऱ्या हातानं माझा दंड धरला. "आठ दिवस आधी आला असतात तर," कारकून हळू आवाजात म्हणाला. "आता माझ्या हातात काही नाही. पुढच्या वर्षी या. नवं कार्ड घेऊन या."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. खडकी गेलं, दापोडी गेलं. वहीतली नोंद माझ्या डोळ्यांपुढे होती. त्या तारखेनंतर एक-दोन दिवसांत कार्ड चिंचवडला पोचलं असणार. त्या दिवसांत आम्ही कुरुळीला होतो. घरी एकटी आत्या होती. कासारवाडी आलं तेव्हा मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो. तीन दिवस आईला देव्हाऱ्यापासून लांब ठेवणं, उपास, जबलपूरच्या भरवशावर राहू नगंस, सगळं एका क्षणात मला कळलं. स्टेशनवरून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आलो.

आत्या घराखालच्या नदीच्या घाटावर भांडी घासत होती. दुपारची वेळ, बाकी कुणी नव्हतं. पवनेला गढूळ पाणी आलं होतं.

"काय रं, लवकर आलास?"

"आत्या, आम्ही कुरुळीला होतो तेव्हा काही टपाल आलं होतं?"

तिच्या हातातली राख तशीच राहिली. तिनं आधी वर घराकडे पाहिलं.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आलं होतं का?"

"हळू बोल," ती म्हणाली. "तुजी आई आईकंल." आणि तिथेच पायरीवर बसून तिनं पदर तोंडाला लावला. "तुजा मामा गेला रं."

मग तिनं सांगितलं ते असं. पोस्टमन आला तो सायकलवरून उतरून, खाली मान घालून उभा राहिला. कार्ड त्यानं तिच्या हातात दिलं नाही, उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवलं. तिनं कोपरा पाहिला. "कुटलं हाय?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "इंग्रजी हाय, मावशी. शिक्का पावसानं पुसलाय." इंग्रजी पत्त्याचं पत्र आमच्या घरी एकाच ठिकाणाहून यायचं, जबलपूरहून. "माझ्या भावजयीचा भाऊ हाय तिकडं," ती म्हणाली. पोस्टमन म्हणाला, "वाचून दावायला मला तेवढं इंग्रजी येत न्हाई, मावशी. आन आसलं कागद आमी वाचत बी न्हाई." आणि तो निघून गेला.

"मग मी काय करू?" आत्या म्हणत होती. "नवरा जाऊन म्हैना न्हाई झाला, त्यात भाऊ. तिला कळलं आसतं तर ती उरली न्हवती रं. मी इथंच आले, फाडलं, पान्यात सोडलं आन डोईवरनं पानी घेतलं. तुला सांगनार व्हते. पर तू कॉलेज कॉलेज करत हुतास. मामा न्हाई तर तुला कोन शिकवनार, हे कसं सांगायचं तुला? म्हनून म्हनलं, नोकरीला लाग."

"आणि देवाचं?"

"तिनं आईकलंच न्हाई, तर तिला सुतक कशाचं? पर मनात आलं, न जानो. दोष लागला तर मला लागू दे."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. पाण्यात जायला निघालेलं एक भांडं ओढून घेतलं. मला तिला सांगायचं होतं. मामा आहे, धडधाकट आहे, हे तर सांगायलाच हवं होतं. त्यापुढचं वाक्यही तयार होतं. ते कार्ड माझं होतं. कोपरा कापलेलं कार्ड मीच पाठवलं होतं. पण तिनं तोंडावरचा पदर काढून माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की हे वाक्य ऐकल्यावर तिला त्यातला माझा भाग ऐकू येणार नाही. तिला फक्त आपण काय फाडलं तेवढंच कळेल. भावानं सही केलेला अर्ज, आणि त्याचं उत्तर आपण आपल्या हातानं नदीत सोडलं.

"आत्या," मी म्हणालो, "मामा आहे."

राखेच्या हातानं तिनं माझा हात धरला.

"मी पोस्टात विचारून आलो. ते कार्ड आपलं नव्हतंच. दुसऱ्या कुणाचं तरी होतं, चुकून आपल्याकडे टाकलं."

"खरं?"

"खरं."

"गळ्याची आन घे."

मी घेतली. वडिलांच्या मागे महिन्याच्या आत, घाटाच्या पायरीवर बसून, ज्या बाईनं मला वाढवलं तिच्या गळ्याला हात लावून मी खोटी शपथ घेतली.

"त्या मुडद्या पोस्टमनच्या!" आत्या उठली. भांडी तिथेच टाकून ती घाट चढू लागली, दोनदा थांबली, डोळे पुसले आणि पुन्हा चढू लागली. मी भांडी गोळा करून वर गेलो तोवर तिनं आईला सगळं सांगितलं होतं. आई चुलीपुढे बसून ऐकत होती. मग ती म्हणाली, "वन्सं, म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्या जित्या भावाचे उपास करत होतात?"

"व्हय की गं! आन गूळसुद्दा खाल्ला न्हाई. त्याला म्हनावं, आता फेड."

"आणि मला वाटलं, मी अशी झाले म्हणून तुम्ही मला देवाजवळ..."

"येडी का काय तू?" आत्या म्हणाली आणि आईला तिनं जवळ ओढलं. दोघी हसत होत्या आणि रडत होत्या. वडील गेल्यावर आमच्या घरात कुणी हसल्याची ती पहिली वेळ. धाकटी भावंडं दारात येऊन बघत उभी राहिली. काय झालं ते न कळून तीही हसू लागली. मी ओल्या भांड्यांची पाटी हातात घेऊन उभा होतो.

मग आत्याच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "आन तुजं रं? कॉलेजाचं काय म्हनाले?"

"घेतलं नाही," मी म्हणालो.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. पुढच्या सोमवारी मी वडिलांच्या वेळच्याच गाडीनं देहूरोडला गेलो आणि त्यांच्याच टेबलाशी बसलो. मामाचं पत्र आलं, त्यात त्यानं प्रिन्सिपॉलना लिहू का म्हणून विचारलं होतं. मी लिहिलं, नको. पुढच्या वर्षी मी कॉलेजात गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याला कारण आत्या नव्हती, हे इथे लिहिलं पाहिजे. घराला पगाराची सवय झाली होती हे खरं. पण एका जून महिन्यात मामानं पुन्हा विचारलं, आईही जा म्हणाली, तेव्हा मीच टाळलं. तांबड्या पेन्सिलीच्या त्या रेघेची मला भीती बसली होती. शिवाय, न मिळालेल्या गोष्टीचं दुःख करत बसणं मला जमू लागलं होतं. त्यात एक प्रकारचा आराम असतो, हे वयाच्या अठराव्या वर्षी कुणी शिकू नये.

पुस्तकं मी वाचत राहिलो. पिंपरीच्या कारखान्यात पांढऱ्या कोटातली माणसं आली. आमच्या गावातलीही दोन पोरं पुढे आत गेली. आकुर्डी, निगडीकडच्या शेतांत नव्या कारखान्यांच्या जागांसाठी खुणेचे दगड रोवले गेले. माझी गाडी रोज त्यांच्या शेजारून जात होती.

आत्यानं मात्र कॉलेजला कधी क्षमा केली नाही. दर वर्षी निकालाच्या दिवसांत तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. पेढे घेऊन कुणी आलं की ती पेढा घेई आणि विचारी, "कुटल्या कॉलेजात?" आणि ते नाव निघालं की, "तिथं? मुडदा बशिवला त्यांचा. माज्या पोराला घेतलं न्हाई त्यांनी. दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसनारं पोर, त्याला न्हाई म्हनले, आन कुनाला बी घेत्यात." पेढे आणणारी माणसं माझ्याकडे बघून हसत. काहींना वाटत असावं की मी म्हातारीला काहीतरी भलतंच सांगून ठेवलंय, नापास झालो असेन. मी कुणाला काही सांगितलं नाही. पुढे आमच्याच भावंडातली एक त्याच कॉलेजात गेली, तेव्हा पहिल्या दिवशी आत्यानं तिला दही देऊन सांगितलं, "तिथल्या कारकुनाला इचार, माज्या भावाला का घेतलं न्हाई म्हनून."

बहिणीनं विचारलं नाही. मी तिला विचारू दिलं नाही.

शेवटच्या आजारात आत्याला फारसं बोलवत नव्हतं. मी रजा काढून तिच्या उशाशी बसत होतो. वाचत असलो की ती डोळे मिटून पडे. पान उलटण्याचा आवाज बरा वाटतो म्हणायची. एका दुपारी मला वाटलं तिला झोप लागली, तर तिनं माझं मनगट धरलं.

"एक इचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"त्या साली तुला मार्कच कमी पडले व्हते का रं?"

मी पुस्तक मिटलं. तिच्याकडे बघवेना म्हणून खिडकीकडे बघितलं.

"हो, आत्या," मी म्हणालो. "थोडे कमी पडले."

तिनं एक मोठा श्वास सोडला. मनगटावरची बोटं सैल झाली.

"मग त्यांची काय चूक?" ती म्हणाली. "मी आपली उगाच इतकी वर्सं त्यांना शिव्या घातल्या." आणि थोड्या वेळानं, जणू मलाच धीर देत, "आसू दे. कमी पडत्यात एकेकाला."